ऐपत आणि पत

मराठीत 'ऐपत' आणि 'पत' हे दोन शब्द कानाला सख्ख्या भावंडांसारखे वाटतात. अर्थाने मात्र ते एकमेकांपासून बरेच दूर आहेत. ऐपत म्हणजे आपल्यापाशी काय आहे. पत म्हणजे आपल्यापाशी नसलेली वस्तू दुसरा माणूस किती निःशंकपणे आपल्या हाती देईल. ऐपत पदवीने येते, वारशाने येते, चाललेल्या व्यवसायाने येते. पत मात्र कोणी कोणाला देऊ शकत नाही. घेतलेले ठरल्या दिवशी परत केले, ही एकच गोष्ट पुनःपुन्हा घडून ती हळूहळू साचत जाते. आपल्या डॉक्टर मंडळींच्या नव्या पिढीत ऐपत भरपूर आणि पत शून्य अशी एक चमत्कारिक अवस्था दिसू लागली आहे. तिच्याविषयी स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे, असे मला वाटते.

बडोद्याच्या मराठी माणसाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. ५ फेब्रुवारी १८८९ रोजी विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या पुढाकाराने याच नगरीत 'अन्योन्य सहकारी मंडळी' उभी राहिली. देशातील परस्पर सहाय्याची बहुधा पहिली ज्ञात संस्था म्हणून तिचा उल्लेख सहकाराच्या इतिहासात होतो. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९०४ साली झाला. पुढे २० जुलै १९०८ रोजी महाराज सयाजीरावांनी बँक ऑफ बडोदा स्थापन केली. सांगायचे इतकेच की, नियमाने बचत करावी, गरजेपुरते घ्यावे आणि बिनचूक फेडावे ही शिकवण या शहरात नवी नाही. बदलली आहे ती पत मोजण्याची रीत.

त्या काळी पत ही ओळखीची गोष्ट होती. अमक्यांचा नातू, तमक्या वाड्यात राहणारा, संस्थानात नोकरीला असलेल्या घराण्यातला, एवढे म्हटले की दांडिया बाजारातला दुकानदार वहीवर नाव लिहून घेई. गुजराती व्यापारी ज्याला 'शाख' म्हणतो तीही अशीच पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असे. आज बँकेच्या खिडकीमागे बसलेला अधिकारी कदाचित भोपाळहून किंवा भुवनेश्वरहून बदलून आलेला असतो. आपल्या आजोबांचे नाव त्याच्या कानावर आलेले नसते आणि ते कानावर घेण्याची त्याला मुभाही नसते. तो संगणकाच्या पडद्यावरची नोंद पाहतो. नोंद असेल तर माणूस आहे. नोंद नसेल तर माणूस उभा असूनही बँकेच्या दृष्टीने अनोळखीच.

ही नोंद ठेवणाऱ्या संस्था आपल्या देशात फार जुन्या नाहीत. 'सिबिल' या नावाने परिचित असलेली पहिली कंपनी २००० साली स्थापन झाली. पतमाहिती कंपन्यांविषयीचा कायदा २००५ साली संमत झाला. आज ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या हे काम करतात. आपण घेतलेले प्रत्येक कर्ज, प्रत्येक क्रेडिट कार्ड, भरलेला आणि चुकलेला प्रत्येक हप्ता बँका त्यांना कळवतात. १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती किमान दर पंधरवड्याला कळवणे बंधनकारक झाले. या सर्वांतून ३०० ते ९०० यांच्या दरम्यान एक आकडा निघतो, तोच आपला 'स्कोअर'.

या आकड्यात काय येत नाही हे आपल्या व्यवसायबंधूंनी नीट लक्षात घ्यावे. आपले उत्पन्न त्यात येत नाही. बचत खात्यातील शिल्लक येत नाही. मुदत ठेवी, सोने, वडिलांचा बंगला, यांतले काहीही येत नाही. रोज मोबाईलवरून खात्यातले पैसे कितीही नियमाने चुकते केले तरी त्याचीही नोंद तेथे होत नाही, कारण ते पैसे आपलेच असतात. तेथे मोजले जाते ते इतकेच की, दुसऱ्याचे पैसे आपण कसे वापरले आणि कसे परत केले. ऐपत आणि पत यांतला फरक कोणा शब्दकोशकारापेक्षा या यंत्रणेने अधिक काटेकोरपणे पाळला आहे.

आता आपल्या मुलामुलींचे वय पाहा. एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे, आंतरवासितेचे एक वर्ष, पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षे, मध्ये प्रवेशपरीक्षेत गेलेले एखाद-दुसरे वर्ष, आणि अतिविशेष शिक्षण घेतले तर आणखी तीन वर्षे. अठराव्या वर्षी शिकायला लागलेला मुलगा तिशीच्या आसपास मोकळा होतो. त्याच्याच वर्गातला अभियंता बाविसाव्या वर्षी नोकरीला लागलेला असतो. पगाराच्या खात्यावर त्याला कार्ड मिळालेले असते, दुचाकीचे छोटे कर्ज फेडून झालेले असते. दोघेही एकाच दिवशी बँकेत गेले तर अभियंत्याच्या मागे आठ वर्षांची नोंद असते आणि आमचा तज्ज्ञ डॉक्टर कोऱ्या कागदानिशी उभा असतो. दवाखान्याची जागा, सोनोग्राफीचे यंत्र, शस्त्रक्रियागृहाची उभारणी यांसाठी सर्वांत मोठी रक्कम त्यालाच हवी असते, आणि त्याच घडीला त्याच्याविषयी कोणाला काही माहीत नसते.

वैद्यकीच्या भाषेत सांगायचे तर हा जुना केसपेपर नसलेला रुग्ण आहे. छातीत दुखते म्हणून आलेल्या माणसाचा जुना ई.सी.जी. हाताशी असला तर आजच्या आलेखातला बदल ताजा की जुना हे लगेच कळते. तो नसला तर माणूस ठणठणीत असूनही आपण सावध राहतो, दाखल करून घेतो, तपासण्या वाढवतो. बँकही तेच करते. तारण मागते, व्याज चढे लावते, वडिलांची सही आणा म्हणते. यात अपमान मानण्यासारखे काही नाही. पूर्वी कर्ज घेतलेच नाही एवढ्या एका कारणावरून नवख्या अर्जदाराचा अर्ज नाकारू नये असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सुचवले असल्याचे ऑगस्ट २०२५ मध्ये अर्थ राज्यमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु अर्ज न नाकारणे वेगळे आणि चांगल्या अटींवर कर्ज देणे वेगळे.

या ठिकाणी आपल्या संस्कारांचा एक पेच उभा राहतो. 'ऋण काढून सण करू नये', 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही वचने ऐकत आपण वाढलो. ती खोटी नाहीत. मोबाईल, सहल, लग्नातला थाट यांसाठी कर्ज काढणाऱ्या तरुणांना ती रोज ऐकवावीत. मात्र त्या वचनांचा 'कर्जाच्या वाटेलाच जाऊ नये' असा जो अर्थ आपण घरोघरी लावला, तो मला मान्य नाही. मुलाचे शुल्क आपण भरायचे, गाडी आपण घ्यायची, कार्ड आपल्या नावावरचे द्यायचे, आणि तिशीत त्याला एकदम काही कोटींच्या कर्जावर सही करायला लावायची, हा कोणता संस्कार? पोहणे न शिकवता मुलाला थेट डोहात उतरवावे तसेच हे आहे. थोडे घेऊन वेळेवर फेडणे हे कौशल्य आहे, आणि इतर कौशल्यांप्रमाणे तेही लहान कामावर हात बसवून शिकावे लागते.

आरंभ कसा करावा याचा मार्ग अवघड नाही. आंतरवासितेत किंवा रेसिडेन्सीत विद्यावेतन सुरू झाले की बँकेत वीस-पंचवीस हजारांची मुदत ठेव ठेवावी आणि तिच्या तारणावर मिळणारे क्रेडिट कार्ड घ्यावे. पूर्वीची नोंद नसतानाही असे कार्ड बहुधा मिळते, कारण बँकेला धोका नसतो. त्यावर पेट्रोल, पुस्तके, मोबाईलचे बिल एवढाच खर्च करावा. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत राहावे. आणि बिलाची संपूर्ण रक्कम खात्यातून आपोआप वळती होईल अशी व्यवस्था करून ठेवावी. रात्रपाळीनंतर झोपलेल्या रेसिडेंटच्या स्मरणशक्तीवर ही जबाबदारी टाकू नये. साधारण सहा महिन्यांत नोंद तयार होते, आणि दोन-तीन वर्षांत ती बोलू लागते.

बिलावर 'किमान देय रक्कम' म्हणून एक लहानसा आकडा छापलेला असतो. त्याच्या मोहात पडू नये. किमान रक्कम भरल्याने खाते थकीत ठरत नाही हे खरे. पण उरलेल्या रकमेवर बहुतेक कार्डांना महिन्याला तीन ते साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास व्याज लागते. पन्नास हजारांच्या थकबाकीवर साडेतीन टक्क्यांनी महिन्याचे व्याजच साडेसतराशे रुपये होते. शिवाय नव्या खरेदीवर मिळणारी बिनव्याजी मुदतही जाते. पत कमावण्यासाठी व्याज भरावेच लागते हा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. कार्डाचे बिल दरमहा पूर्ण भरणाऱ्याची पत एक रुपयाही व्याज न देता उभी राहते.

ज्यांनी शैक्षणिक कर्ज घेतले आहे त्यांच्या हाती तर पत उभारण्याचे साधन आधीच आलेले आहे. ते कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर असते, पालक सहऋणको असतात, आणि त्याची नोंद दोघांच्याही अहवालात दिसते. अभ्यासक्रम आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्त्याला सवलत असते. व्याज मात्र त्या काळातही चढत राहते. ही मुदत कधी संपते ही तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवावी. मुलगा दुसऱ्या राज्यात पदव्युत्तर शिक्षणाला, बँकेचे पत्र जुन्या पत्त्यावर, आणि पहिलेच तीन हप्ते चुकलेले, असे घडू देऊ नये. कोणाचीही फसवणूक करण्याचा हेतू नसतो. पण अहवालात हेतूचा रकाना नाही. पतमाहिती कंपन्यांना या नोंदी किमान सात वर्षे जपून ठेवाव्या लागतात.

एका महिन्यात पाच-सहा बँकांकडे अर्ज करून 'कोण देतो ते पाहू' असे करणेही हिताचे नाही. प्रत्येक अर्जागणिक बँक अहवाल मागवते आणि त्या चौकशीचीही नोंद होते. चौकशांची रांग लागली की अर्जदार अडचणीत असावा असा तर्क निघतो. आधी दर आणि अटी तोंडी विचाराव्यात, मग एकाच ठिकाणी अर्ज करावा.

आपला अहवाल आपण स्वतः पाहिल्याने मात्र गुण कमी होत नाहीत. चारही कंपन्यांनी प्रत्येक व्यक्तीला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा असा नियम १ जानेवारी २०१७ पासून लागू झाला आहे. वर्षाकाठी रक्तशर्करा तपासावी तसा तो तपासावा. आपल्या मराठी नावांच्या बाबतीत हे अधिकच अगत्याचे आहे. एका कागदावर वडिलांचे नाव मध्ये, दुसऱ्यावर फक्त आद्याक्षर, लग्नानंतर बदललेले आडनाव, रोमन लिपीतील निरनिराळे स्पेलिंग, यांमुळे एकाच व्यक्तीची नोंद दोन ठिकाणी विभागली जाते किंवा दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर दिसते. चूक आढळल्यास लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत तिचे निराकरण झाले नाही तर पुढील प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने केली आहे.

आता दोन गोष्टी ज्येष्ठांसाठी. पहिली जामिनाची. समाजातल्या ओळखीच्या कुटुंबासाठी जामीन राहणे हा आपल्याकडे मोठेपणाचा भाग मानला जातो. पण १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. ते कर्ज जामीनदाराच्याही अहवालात दिसते आणि थकले तर त्याचीही पत खाली ओढते. नव्या डॉक्टरला आपल्या सहीच्या आधाराने उभे करण्यापेक्षा पाच वर्षे आधी त्याला स्वतःची पत उभारायला लावणे हे अधिक खरे सहाय्य आहे. 'अन्योन्य' या शब्दाचा अर्थही परस्परांनी एकमेकांस उभे करणे असाच आहे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. आपल्यात अनेक डॉक्टर दांपत्ये आहेत. रुग्णालय दोघांच्या कष्टांवर चालते. पण कर्ज, कार्ड, यंत्रांचे हप्ते सारे पतीच्या नावावर असतात. पत्नी स्वतः नामांकित स्त्रीरोगतज्ज्ञ असली तरी पतमाहितीच्या दफ्तरात तिचे अस्तित्वच नसते. दुर्दैवाने पती अकाली गेला, किंवा दोघांना वेगळे व्हावे लागले, तर पंचावन्नाव्या वर्षी ती बाई बँकेच्या दारात आंतरवासितेतल्या मुलीइतकीच नवखी ठरते. प्रत्येक घरात किमान एक कार्ड आणि एखादे लहान कर्ज पत्नीच्या नावावर असावे आणि त्याची फेड तिच्याच खात्यातून व्हावी. याला अविश्वास म्हणू नये. आयुर्विम्याइतकीच ही साधी खबरदारी आहे.

आपल्या दवाखान्यातील परिचारिका, कंपाउंडर, मावश्या यांनाही या विचारातून वगळता येणार नाही. आपण त्यांना रोख पगार देतो तेव्हा त्यांच्या उत्पन्नाचा पुरावाच उरत नाही. मुलीच्या शुल्कासाठी वीस हजार हवे असले की त्या बँकेऐवजी व्याजबट्टा करणाऱ्याकडे किंवा मोबाईलवरच्या झटपट कर्जाकडे वळतात. पगार बँकेत जमा करणे, पगारपत्रक देणे, जनधन असो वा साधे बचत खाते, ते चालू ठेवण्यास उत्तेजन देणे, हे आपल्या हातचे आहे. डिजिटल कर्जाविषयीच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्जाची रक्कम थेट ऋणकोच्या खात्यात यावी लागते आणि व्याजासह एकूण खर्चाचे पत्रक आधी द्यावे लागते, एवढे जरी आपण त्यांना समजावून सांगितले तरी अनेक घरे वाचतील.

हे सर्व लिहीत असताना एका भ्रमापासून सावध करणेही कर्तव्य समजतो. स्कोअर हा चारित्र्याचा दाखला नाही. आपण डॉक्टर आहोत. घरातल्या एका आजारपणाने प्रामाणिक माणसाचे हप्ते कसे थकतात हे आपल्याइतके जवळून कोणी पाहिलेले नाही. तो माणूस अप्रामाणिक नसतो, पण त्याचा आकडा खाली येतो. म्हणून कोणाच्या स्कोअरवरून त्याची लायकी ठरवू नये. आणि शस्त्रक्रियेपूर्वी खर्चाचा खरा अंदाज लेखी द्यावा, म्हणजे रुग्णाच्या नातेवाइकांना मध्यरात्री मिळेल त्या व्याजाने पैसा उचलावा लागणार नाही. दुसऱ्याची पत राखणे हाही आपल्या व्यवसायधर्माचा एक भाग आहे.

आपले मंडळ दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करते, श्रीफळ आणि शाल देते. ते अवश्य चालू राहावे. त्याच दिवशी नव्याने विद्यावेतन मिळू लागलेल्या मुलामुलींना एकत्र बसवून, सभासदांपैकी कोणा अनुभवी सनदी लेखापालाकडून किंवा निवृत्त बँक अधिकाऱ्याकडून तासभर हा विषय समजावून द्यावा, असे मी सुचवतो. खर्च चहाफराळाइतकाच येईल. त्यांतील प्रत्येकाने त्या महिन्यात एक लहान ठेव आणि तिच्यावर एक कार्ड एवढे केले, तरी तिशीत त्यांना बँकेत कोणाची ओळख सांगावी लागणार नाही. कार्यकारिणीने येत्या स्नेहसंमेलनापूर्वी या सूचनेचा विचार करावा, ही विनंती.